बेतवेवरचा बिननंबरी खांब

या सदरात आजवर छापलेले सगळे अनुभव मी वाचलेत. चष्मा पुसून, एकेक ओळ. रागावू नका, पण निम्मे अपचनाचे आहेत आणि उरलेले शेजाऱ्याकडून ऐकलेले. कुणाच्या मावशीच्या दिराला लक्ष्मी ताल म्हणतात त्या तळ्याच्या काठी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. पांढऱ्याच का? हिरव्या साडीतली बाई झाशीत मरत नाही काय? कुणाला भर रस्त्यात नावाने हाक ऐकू येते... अरे, रस्त्यावर हाका मारणारी माणसं काय थोडी आहेत?

मी असलं काही मानत नाही. आधी मानत नव्हतो आणि मग डोळे उघडले, अशी पलटी मारणाऱ्यांतलाही मी नाही. आजही मानत नाही. जे दिसतं ते आहे, नाही दिसत ते नाही, बस. माझी सगळी पंचाईत याच एका गोष्टीने झाली, म्हणून लिहायला बसलो.

शिक्षण चौथीपर्यंत. घरात मराठी, बाहेर हिंदी, दोन्हींची खिचडी झालेली. संपादकबाईंनी माझी वाक्यं सुधारू नयेत.

मी रेल्वेत पेंटर होतो. भिंतींना चुना फासणारा नव्हे — अक्षरांचा पेंटर. वडील भुसावळकडून बदलीवर झाशीला आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. डब्यांवरचे नंबर, स्टेशनांच्या पाट्या, पुलांच्या खांबांवरचे आकडे, पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा... सगळं हाताने. आता चिकटवायचे कागद आलेत, ज्याला थुंकी लावता येते तो पेंटर. मी सांगतोय तो काळ वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची येत होती तेव्हाचा.

आणि रविवारी मी नदी काढायचो. बेतवा. सकाळी सायकल काढायची, ओरछा गेटमधून बाहेर पडायचं, पाठीला रंगांची पेटी, कॅरियरला हार्डबोर्ड बांधलेला. ओरछ्याच्या पुढे नदीवर रेल्वेचा पूल आहे. त्याच्या खालच्या अंगाला, अर्धा पाण्यात शिरलेला एक काळा खडक आहे, वरून सपाट, स्टूल ठेवायला बरोबर. तिथे बसून मी वर्षानुवर्षं तीच नदी आणि तोच पूल काढला. लोक विचारत, तेच ते काढून कंटाळा येत नाही का? मी म्हणायचो, तेच ते जेवून तुम्हाला येतो का?

चित्रं काढायला तिथे बाकीचेही यायचे. दाढीवाले, झोळीवाले, लखनौकडचे. ते पुलाकडे पाठ करून बसायचे आणि राजांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, काढायचे. सकाळी अकरा वाजता बसून मावळता सूर्य काढायचे! एकदा एका दाढीने माझ्या बोर्डात डोकावून म्हटलं, "दादा, हाथ अच्छा है आपका. थोड़ी कल्पना भी डालिए." कल्पना! समोर एवढी नदी वाहते आहे, ती कमी पडली म्हणून मी पदरची घालू? मी म्हटलं, "भैया, दूध में पानी डालने वाले बहुत हैं. हमें बख्शो."

आता माझी काढायची पद्धत सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. अक्षरांचा पेंटर अक्षर मोजत नाही. तो अक्षरांच्या मधली मोकळी जागा बघतो. ती बरोबर पडली की अक्षरं आपोआप बरोबर बसतात. पूलही मी तसाच काढायचो. हात लांब करून ब्रश धरायचा, अंगठ्याने माप घ्यायचं, खांबांमधली एक एक फट काढत जायची. खांब किती झाले ते मी कधी मोजलंच नाही. मोजायचं कशाला? त्या खांबांवर नंबर मीच टाकलेले होते, दोरीच्या झुल्यावर लोंबकळून. किती आहेत ते मला पाठ होतं. तो आकडा इथे लिहीत नाही. लिहिला की तुमच्यातला एखादा स्कूटर काढून मोजायला जाईल आणि पुढच्या अंकात पत्र पाठवील.

तर आमच्या पुलांच्या साहेबांची बदली झाली. निरोपाला काय द्यायचं यावर ऑफिसात चर्चा झाली. कुणी म्हणालं शाल, कुणी म्हणालं देवीची मूर्ती. आमचे फोरमन मिश्राजी म्हणाले, साहेबांचा आवडता पूल बेतवेचा, आपला पेंटर दर रविवारी तोच काढत बसतो, त्याच्याकडून मोठं चित्र करून घ्या. मी केलं. चार-पाच रविवार बसलो. इतकं चांगलं चित्र मी आधी केलं नव्हतं. पाणी पाण्यासारखं आलं होतं. पाण्यासारखं पाणी किती लोकांना येतं ते त्या दाढ्यांना विचारा.

निरोपाच्या दिवशी हार झाले, समोसे झाले, चित्रावरचं कापड काढलं. टाळ्या पडल्या. रेल्वेच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर बोलावले होते, ते उठून म्हणाले की या चित्रात एक प्रकारची वेदना आहे. कसली वेदना? ऊन होतं त्यात, ऊन.

साहेब मात्र उठले. चित्राच्या जवळ गेले, बोट पुढे करून डावीकडून उजवीकडे नेलं. मग परत उजवीकडून डावीकडे. आणि हसले.

"पेंटरजी, पुल तो बहुत बढ़िया है. मगर एक खंभा आप अपनी जेब से लगा आए?"

हॉल फुटला हसून. मी पुढे झालो आणि मोजलं. एक जास्त होता.

बाकीच्यांनी ती गंमत म्हणून घेतली. मिश्राजींनी नाही. त्यांचं तोंड पडलं, कारण कल्पना त्यांची होती. दुसऱ्या दिवशी चित्र कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवलं.

"साहब के जाने से पहले ठीक कर दो. एक खंभा मिटा दो, बात ख़तम."

मी म्हटलं, "मिश्राजी, मी जे दिसलं ते काढलंय."

"तो फिर आँख दिखवाओ. हँसी में नहीं कह रहा. जिस आदमी को पुल में खंभे ज़्यादा दिखें, उसको मैं झूले पर नहीं चढ़ाऊँगा. ब्रश भी नहीं दूँगा. मेडिकल में भेजूँगा."

म्हणजे दोनच रस्ते. खांब पुसायचा आणि मान्य करायचं की पेंटर चुकला. नाही तर डोळे तपासायला जायचं, आणि डोळ्यात खोट निघाली तर ब्रश कायमचा गेला. मग कुठेतरी स्टोअरच्या दारात स्टुलावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत. माझ्या हातची अक्षरं मुंबईपासून हावड्यापर्यंत फिरत होती, आणि मी स्टुलावर!

घरी गेलो. खाटेखाली जुनी चित्रं ठेवली होती, ती सगळी ओढून बाहेर काढली. आमची मंडळी, कुसुम, दारात येऊन उभी राहिली. ही झाशीच्या जुन्या मराठी घरातली, लक्ष्मी गेटजवळची. यांचे पूर्वज सुभेदाराच्या घोड्यामागे चालत आले होते म्हणे. घोडा कुणाचा ते अजून ठरलेलं नाही, पण त्यावरून आम्हा रेल्वेवाल्यांना कमी लेखायचा यांचा रिवाज आहे.

"काय मेलं उकरताय?"

"मोज," मी म्हटलं. "प्रत्येक चित्रातले खांब मोज."

तिने मोजले. सगळ्या चित्रांत सारखेच. सगळ्यांत एक जास्त. पावसाळ्यातल्या, हिवाळ्यातल्या, सगळ्या.

"अगबाई," ती म्हणाली. "म्हणजे लग्न झाल्यापासून तुम्ही चुकताच आहात."

"मी चुकत नाही. हे बघ, सगळ्या फटी सारख्या आहेत. मी मनाने एक खांब घुसवला असता तर कुठेतरी दाटी झाली असती. कुठे आहे दाटी?"

"मला नाही कळत तुमच्या फटी. एक खांब पुसा आणि मोकळे व्हा. एका खांबापायी काय नोकरी घालवायची?"

मी चित्रं परत खाटेखाली सरकवली. या घराण्याला पुसणं फार सोपं वाटतं.

रविवारी मी हरचरणला बरोबर घेतलं. हरचरण त्या भागातला कीमन, म्हणजे हातोडा घेऊन रोज रुळांवरून चालणारा आणि सैल झालेल्या चाव्या ठोकणारा माणूस. तो पूल त्याने हजारदा तरी ओलांडला असेल. माणूस चांगला, पण डोकं सगळं भाकडकथांनी भरलेलं. प्रत्येक वाकड्या झाडाला हात जोडायचा. कुठल्याही दगडाला कुणीतरी शेंदूर लावलेला दिसला की हा चप्पल काढलीच म्हणून समजा. मी मुद्दाम त्यालाच निवडला. म्हटलं, याला जर काही दिसलं नाही, तर कुणालाच दिसणार नाही.

उन्हाळा होता, पाणी उतरलेलं. पुलाखालून खडकांवरून आणि वाळूतून चालत पलीकडे जाता यायचं, मध्ये कुठे कुठे गुडघ्याएवढं पाणी. आम्ही बादलीत चुना कालवला आणि या काठापासून त्या काठापर्यंत प्रत्येक खांबाला छातीएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा मारत गेलो. मी हाताने प्रत्येक खांब थोपटला. माझे नंबर वर दिसत होते, एकापुढे एक, मध्ये कुठे सुटलेलं नाही. खांब तेवढेच भरले जेवढे कागदावर आहेत.

"देख लओ दद्दा," हरचरण म्हणाला, "पूरे हैं."

मी म्हटलं, तू इथेच थांब. त्याच्याकडचे लाल आणि हिरवे झेंडे घेतले आणि माझ्या खडकावर जाऊन बसलो. नदीच्या आवाजात तिथून हाक पोचत नाही, म्हणून झेंडे. हिरवा दाखवला की चालायचं, लाल दाखवला की उभं राहायचं, एवढं ठरवलं.

खडकावर बसून वर पाहिलं... पांढरे पट्टे ओळीने दिसत होते. एक, दोन, तीन... मधोमध एका खांबाला पट्टा नव्हता. कोरा. बाकीच्यांसारखाच दगड, तेवढीच जाडी, पुराच्या पाण्याने धरलेली तीच काळी रेघ. पाण्यात सावलीसुद्धा होती. फक्त पट्टा नाही आणि वर माझा नंबर नाही.

मला भीती वाटली का? नाही. राग आला. एवढी वर्षं मी याला काढला आणि याने मला तोंडघशी पाडलं.

मी हिरवा झेंडा दाखवला. हरचरण चालू लागला. पांढऱ्या पट्ट्याच्या एका खांबामागून निघाला, वाळूत आला, कोऱ्या खांबाच्या दिशेने आला... मी लाल दाखवला. तो थांबला. माझ्या डोळ्यासमोर तो त्या खांबाशेजारी उभा होता, हात लांब केला असता तर लागला असता. मी हातवारे करून विचारलं, काय आहे? त्याने दोन्ही हात पसरले. काही नाही.

मी परत ये म्हणून खूण केली. ऊन चढलं होतं. त्याने खांद्यावरचा हातोडा उतरवला, बाजूला टेकवला, दोन्ही हात मोकळे करून गमछा डोक्याला नीट बांधला आणि तसाच निघाला. पाणी उडवत, खडकांवरून उड्या मारत माझ्याकडे आला. घामाने भिजलेला.

"उतै कछू नइयाँ, दद्दा. रेता है, बस."

मी त्याच्याकडे बघतच होतो. म्हटलं, "हथौड़ा कहाँ है?"

त्याने खांद्याला हात लावला. "अरे! उतई रह गओ. गमछा बाँधबे खों टिका दओ तो."

"कशाला टेकवलास?"

"खम्बा सें."

"कौन-से खम्बा से, हरचरण?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग हळू हळू मान वळवून त्याने पुलाकडे पाहिलं.

मला दिसत होतं — हातोड्याचा लांब दांडा कोऱ्या खांबाला टेकलेला, तिरका. जसा कुणीही टेकवील तसा. मी म्हटलं, "दिखता है?"

तो म्हणाला, "हथौड़ा ठाड़ो है." ठाड़ो, म्हणजे उभा. आणि मग फार हळू, "आपई आप ठाड़ो है, दद्दा..."

त्याला खांब दिसत नव्हता. त्याला वाळूत, मोकळ्या हवेत, तिरका उभा राहिलेला आपला हातोडा दिसत होता.

मी त्याचं मनगट धरून त्याला ओढतच नेला. येत नव्हता. सगळे देव एका दमात म्हणून टाकले. आम्ही पोचलो तेव्हा हातोडा वाळूत आडवा पडलेला होता. वारा होता का? नव्हता. पण पडला असेल. वाळू सरकते. मी त्या जागेवर उभा राहिलो, हात पुढे केला, मागे केला, कोपराने ढकलून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. थंडी वाजली नाही, अंगावर काटा आला नाही, कुणी कानात कुजबुजलं नाही. तुमच्या अनुभवांत ते सगळं असतं, माझ्यात नाही. खोटं कशाला लिहू? मोकळी जागा होती, दोन खांबांच्या मधली, जशी असायला पाहिजे तशी.

मी हरचरणला म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर मिश्राजींकडे चल. जे झालं ते सांग. बाकी काही सांगू नकोस, फक्त हातोडा कशाला टेकवला तेवढं सांग."

त्याने हात जोडले. "दद्दा, हमाए मोड़ा-मोड़ी हैं. हम नईं जात."

"तुझ्या पोराबाळांचं काय त्यात?"

"तुम नईं समझत."

आणि तोच माणूस, मिश्राजींसमोर यायला घाबरणारा, आठवड्यात सगळ्या कॉलनीत गोष्ट पसरवून मोकळा झाला. त्या गोष्टीत हातोडा आपटून हवेत उडाला होता. त्या गोष्टीत पूल बांधताना बळी दिलेला एक ठेकेदार होता, त्याच्या पायात साखळी होती. मी पण होतो त्यात, बेशुद्ध पडलेला! लोक मला थांबवून विचारायचे, पेंटरजी, उसकी आँखें लाल थीं? खांबाला डोळे असतात का रे? जे झालं होतं ते एवढं साधं, एवढं सरळ होतं, तेवढं सोडून बाकी सगळं त्यांना पाहिजे होतं. त्या दिवसापासून भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांबद्दल माझं जे मत आहे ते अजून बदललेलं नाही.

मिश्राजींनी ही गोष्ट ऐकली आणि जास्तच भडकले. "अब भूत का खंभा बना दिया! परसों साहब की गाड़ी है. मिटाओ, नहीं तो मेडिकल."

त्या संध्याकाळी मी चित्र भिंतीला टेकवलं. ब्रश घेतला, पलीकडच्या पाण्याचा रंग कालवला. खरंच पुसायला बसलो होतो, हे लिहितो, लपवत नाही. कुसुम बाजूला भाजी निवडत होती. पण पुसणार कसा? तो खांब काढला तर तिथे पडलेल्या दातासारखी दुप्पट फट राहणार. ती भरायला बाकीचे सगळे खांब सरकवायला लागणार. म्हणजे एक खोटं झाकायला जे खरं आहे तेही हलवायचं.

ब्रश पुसून ठेवला.

कुसुम म्हणाली, "अहो, तुम्ही चुकला नाहीत असं मी म्हटलं तर पुसाल का?"

"तुला वाटतं का तसं?"

ती भाजीकडे बघत म्हणाली, "वाटत नाही. पण म्हणते ना."

बायका असंच म्हणतात आणि त्यांना वाटतं उपकार केले. मी म्हटलं, राहू दे.

मेडिकलला गेलो. डॉक्टर तरुण होता, सारखं घड्याळ बघणारा. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता. मी सगळ्यात खालची ओळ वाचली, मग म्हटलं, "डॉक्टर साहेब, हा ई बघा, मधली दांडी घसरली आहे. आणि हा आर पुढे पडतोय. कुणी केलाय हा तक्ता?" मग तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, माशीच्या पायाएवढं, ते पण वाचून दाखवलं. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचले. त्याने डोळ्यात बत्ती मारली, थेंब टाकले, पुन्हा बत्ती मारली.

"बाबूजी, ये आँखें आपकी हैं कि गिद्ध की? किसने भेजा आपको?"

म्हणजे डोळे सुटले. कागद घेऊन मी मिश्राजींच्या टेबलावर ठेवला. वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "यानी आँख ठीक है. यानी तुमने जान-बूझकर किया."

हे बघा शिकलेल्या माणसाचं डोकं. डोळे खराब निघाले असते तर दया केली असती. चांगले निघाले तर शिक्षा. साहेबांना शेवटी शाल दिली. मला अक्षरांवरून काढलं आणि डब्यांच्या पोटाखाली काळा रंग मारायला लावलं, जिथे कुणी वाकून बघत नाही. मी निवृत्त होईपर्यंत तेच केलं. आणि सांगतो, तेवढा साफ काळा रंग त्या शेडमध्ये परत कुणी मारला नाही. खांब पुसला नाही याचा मला एक दिवस पश्चात्ताप झालेला नाही. कुसुम जाऊन बरीच वर्षं झाली, तिला शेवटपर्यंत होत होता.

रविवारी मी जातच राहिलो. कोरा खांब दर वेळी तिथे असायचा. मी काढायचो. काढून चित्र घरी आणायचो आणि कुणाला दाखवायचो नाही.

मोतीबिंदू मागच्या वर्षी पिकला. दोन्ही डोळ्यांत. मुलगा ग्वाल्हेरला घेऊन गेला, आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा भिंतीचा रंग बघून मी म्हटलं, हा असा पोपटी आहे? मुलगा हसला. सगळं धुतल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टर फार खूश, म्हणाला आता तुम्ही पुन्हा चित्रं काढा.

मी मुलाला म्हटलं, मला खडकावर ने. त्याने गाडी जमेल तिथवर नेली, पुढे हात धरून चालवलं. मी स्टुलावर बसलो, नव्या डोळ्याने पूल बघितला. लखलखीत दिसला. दगडांचे सांधे मोजता येतील इतका. आणि या वेळी मी खांब मोजले.

बरोबर भरले.

पुन्हा मोजले. मुलाला मोजायला लावले. त्याचे आणि माझे सारखे आले. त्याला किती आनंद झाला! त्याच्या लहानपणापासून घरात ज्या खांबावरून भांडणं झाली, तो एकदाचा गेला असं त्याला वाटलं. "बघा बाबा," म्हणाला, "डोळ्यांचाच दोष होता. ठीक झालं की नाही?"

मी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्यात अजून मोतीबिंदू आहे. त्यातून पूल म्हणजे धूर, पाणी म्हणजे धूर. खांब कुठला आणि फट कुठली, ते नीट कळत नाही. पण त्या धुरात मधोमध काहीतरी उभं आहे. काळं, जाड, बाकीच्यांएवढंच उंच. खांबच आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, कारण मला साफ दिसत नाही आणि साफ दिसत नाही ते मी काढत नाही. पण नाही असंही सांगणार नाही.

याचं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. तुम्ही पाठवाल, मला माहीत आहे. कुणी लिहील उन्हाचा खेळ, कुणी लिहील मेंदू, कुणी त्या साखळीवाल्या ठेकेदाराची शांत करायला सांगेल. पाठवू नका. हातोडा कशाला टेकला होता एवढं ज्याला सांगता येईल त्यानेच लिहावं.

मुलगा रोज मागे लागतो, बाबा, दुसराही करून घेऊ, उशीर केला तर तो डोळा पूर्ण जाईल. डॉक्टरने तारीख दिली होती. मी गेलो नाही.